मुक्या जिवाचे बक्षीस आणि श्रावकाचे पहिले व्रत



जीवदया म्हटली की पांजरपोळ डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु मुंबईच्या पांजरपोळीचा कुत्र्यांशी असलेला संबंध थोड्यांनाच ठाऊक असतो. जून १८३२ मध्ये मुंबईत मोकाट कुत्रे मारण्याची मोहीम निघाली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायांना बक्षीस ठरविण्यात आले. पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडले. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि आपले शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ स्थापन झाली. जीव घेण्यासाठी दिलेल्या बक्षिसाला व्यापाऱ्यांनी जीव जगविणाऱ्या दानाने उत्तर दिले.

आज कुत्रा गल्लीतून घरात आला आहे. विठ्ठलवाडीपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत अनेक इमारतींत तो कुटुंबातला एक घटक झाला आहे आणि त्यात जैन घरेही आली. त्याला शिस्त लावावी लागते आणि शिस्त लावताना खाऊ द्यावा लागतो. हा खाऊ कोणता असावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण तो थेट आपल्या पहिल्या अणुव्रतापर्यंत पोहोचतो.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून ठेवणे, मारणे, अवयव कापणे, शक्तीबाहेर भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. कुत्र्याला धाकाने शिकविण्याची जुनी रीत पाहिली, तर त्यातील बहुतेक अतिचार तिथे एकत्र भेटतात. दिवसभर आखूड साखळी, चुकला की काठी, रुबाबासाठी कापलेले शेपूट आणि ऐकले नाही तर उपाशी ठेवणे! प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानेही मारहाण, आखूड साखळी आणि उपासमार हे गुन्हे मानले आहेत. आपल्या आचार्यांनी तो विवेक कित्येक शतके आधी सांगून ठेवला.

याउलट बक्षिसाची रीत आहे. योग्य कृती केली की लगेच आवडीची वस्तू मिळते, हे कुत्र्याच्या ध्यानी आले की तो ती कृती आनंदाने पुन्हा करतो. मात्र हा व्यवहार रोखीचा असावा, उधारीचा नव्हे. कुत्रा ‘बस’ म्हटल्यावर बसला, तर एक-दोन सेकंदांत खाऊ मिळाला पाहिजे. उशीर झाला आणि तेवढ्यात तो उठून उभा राहिला, तर बक्षीस उठण्याचे ठरते! तुकडा वाटाण्याएवढा पुरे. दिवसभराच्या आहारातील दहा टक्क्यांहून अधिक ऊर्जा खाऊतून जाऊ नये, असा पशुवैद्यकांचा सर्वसाधारण दंडक आहे. सवय पक्की झाली की खाऊ कमी करत न्यावा आणि शाबासकी, पाठीवर हात किंवा चेंडूचा खेळ पुढे आणावा. अनेक ठिकाणी स्फोटके हुंगणाऱ्या कुत्र्यांनाही शोध लागल्यावर खेळणेच बक्षीस म्हणून मिळते.

आता खाऊची निवड. बाजारातील पुष्कळ खाऊ कोंबडी वा मासळीपासून बनतो. चघळण्याची ‘हाडे’ बहुधा जनावराच्या कातड्याची असतात. रंगीत पाकीट पाहून खरेदी करण्यापूर्वी मागील बाजूचा घटकांचा तपशील वाचावा. कुत्र्यांच्या पुस्तकांत गाजर आणि रताळे यांची शिफारस असते. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरी ती चालणार नाही. पण पर्याय मुबलक आहेत : उकडलेली फरसबी, दुधी व लाल भोपळा, काकडी, बिया काढलेले सफरचंद, बिनमिठाचे कुरमुरे आणि पचत असल्यास पनीरचा बारीक तुकडा. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक असतात. तेव्हा जैन स्वयंपाकघर या बाबतीत त्याला आपोआपच सुरक्षित आहे. परंतु आपल्या डब्यांतील मनुका आणि द्राक्षे त्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थही विषारी ठरतात. पेढा-फरसाण प्रेमाने भरविले, तरी त्याच्या पोटाला ते अपायच करतात.

येथे एक अवघड प्रश्न उरतो. आपला शाकाहार त्या जिवावर लादणे, ही हिंसा तर नव्हे? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार माणसाच्या सहवासात कुत्र्याच्या अंगी पिष्ट पचविण्याची क्षमता लांडग्यापेक्षा पुष्कळ वाढली. म्हणून काळजीपूर्वक योजलेला शाकाहार कुत्र्याला मानवू शकतो. पण नुसती पोळी आणि दूध म्हणजे संतुलित आहार नव्हे. पिल्लू, गाभण वा दूध पाजणारी कुत्री आणि आजारी कुत्रा यांच्याबाबत पशुवैद्यकाचा सल्ला अनिवार्य आहे. मांजराची गोष्ट निराळी. त्याचे शरीर मांसाहारासाठीच घडले आहे. ज्याला हे पटणार नाही, त्याने मांजर पाळू नये, पण पाळून कुपोषित ठेवू नये.

तसेच पर्युषणात घरात उपवास असले, तरी कुत्र्याचे भांडे रिकामे राहू नये. चोविहार असला, तरी त्याचे पाणी उचलू नये. तप स्वेच्छेने आणि प्रत्याख्यान घेऊन होते. मुक्या जिवावर लादलेला उपवास तप नव्हे. तो अन्नपाननिरोध आहे. शिकविण्यासाठी मुद्दाम भुकेले ठेवून मग दिलेला घास हाही त्याच अतिचाराचे गोंडस रूप होय. पोटभर अन्न हा त्या जिवाचा हक्क आणि खाऊ ही वरची शाबासकी, हा हिशेब कधीही उलटा होऊ नये.

आचारांग सूत्रात लाढ देशातील विहाराचे वर्णन आहे. तेथे कुत्रे भगवान महावीरांच्या अंगावर धावून जात, चावे घेत. तरी प्रभूंनी दंड उगारला नाही. जीवंधरकुमारांच्या चरित्रात मरणोन्मुख कुत्र्याच्या कानी णमोकार मंत्र पडतो आणि तो यक्ष होतो. ज्या परंपरेने कुत्र्यामध्येही देवत्वाची पात्रता पाहिली, त्या परंपरेतील घरात त्याला पट्ट्याचा मार बसू नये, एवढी अपेक्षा फार नव्हे.

पन्नास वर्षे ट्रस्टने जीवदयेचा निधी जमविला, हे पुण्यकार्य खरेच. पण जीवदया पावतीपुस्तकात संपत नाही. ती घरातल्या मुलांच्या हातात यावी. ज्या मुलाने काठी न उचलता, फरसबीच्या एका तुकड्यावर आणि भरपूर धीरावर एका जिवाला ‘बस’ म्हणायला शिकविले, त्याला अहिंसेचा पहिला पाठ निराळा शिकवावा लागणार नाही.

जय जिनेंद्र.