चावडीवर दोन वाक्यं

ताई, काकी, वहिनी आणि शाळा-कॉलेजातल्या लेकींनो, आज आम्ही बचत गटातल्या अकराजणी तुमच्याशी बोलतोय. आवाज एकीचा आहे, पण बोलणं सगळ्यांनी मिळून लिहिलंय.

विषय आहे ट्विटर. २०२३ सालापासून त्याचं नाव ‘एक्स’ झालंय, पण आमच्या गावात सगळे अजून ट्विटरच म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू. तुम्ही म्हणाल, हे मंत्र्यांचं, नटनट्यांचं, क्रिकेटवाल्यांचं काम. आपल्याला व्हॉट्सअ‍ॅप पुरे. आम्हीही असंच म्हणत होतो. मग गावच्या रस्त्यावरचे दिवे गेले.

मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून गावापर्यंत सव्वा किलोमीटरची वाट आहे. त्यावर नऊ खांब. जून महिन्यात एका वादळी पावसात नऊच्या नऊ दिवे गेले. पावसाळा संपला, दिवाळी आली, दिवस लहान झाला, तरी अंधार तसाच. तालुक्याच्या कॉलेजातून आणि शिवणक्लासातून येणाऱ्या मुली फाट्यावर उतरतात तेव्हा सात वाजून गेलेले असतात. ज्या कार्यालयाकडे हे काम होतं तिथं आम्ही दोनदा जाऊन तोंडी सांगितलं. ‘बघतो’ म्हणाले.

आमच्यातल्या एकीची सून पुण्यात नोकरी करून आलेली. ती सासूला म्हणाली, “आई, तुम्ही रोज गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अंधाराचं लिहिता. तिथं आपणच आपल्याला सांगतोय. जिथं सगळ्यांना दिसेल तिथं सांगा की!”

तिथून आमची शिकवणी सुरू झाली. पहिली गोष्ट कळली ती ही, की व्हॉट्सअ‍ॅपचा गट म्हणजे आपलं अंगण. ओळखीच्या चौघी बसल्यात, बोललेलं बहुधा तिथंच राहतं. ट्विटर म्हणजे चावडी. कोण ऐकतंय, कोण आडोशाला उभं आहे, काही सांगता येत नाही. आमच्या आज्या चावडीसमोरून जाताना पदर सावरून, मान खाली घालून जायच्या. तिथं उभं राहून बोलणं बायकांच्या वाट्याला फार उशिरा आलं. म्हणून हातात मोबाइल घेतला तेव्हा आमच्याही छातीत धडधडलंच.

खातं गटाच्या नावानं काढलं, कुणा एकीच्या नावानं नाही. पासवर्ड दोघींकडे ठेवला. आणि पहिली तक्रार लिहायला बसलो. लिहिलं कसं? आपण सरकारी अर्ज लिहितो तसं. ‘मा. महोदय यांसी, सविनय विनंती विशेष की…’ विशेष येईपर्यंत जागाच संपली! कारण इथं फुकट खातं असेल तर एका वेळी २८० अक्षरखुणाच लिहिता येतात. २००६ साली ट्विटर सुरू झालं तेव्हा ते एसएमएसवर चालायचं. एसएमएसमध्ये १६० खुणा मावायच्या, त्यातल्या २० नावासाठी ठेवून १४० लिहिण्यासाठी दिल्या. २०१७ च्या नोव्हेंबरात त्या दुप्पट झाल्या. मराठीत मात्र काना, मात्रा, वेलांटी, पायमोडणी हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘स्त्री’ हा शब्द आपण एका दमात म्हणतो, पण त्याच्या खुणा होतात सहा: स, त, र ही तीन अक्षरं, दोन पायमोडण्या आणि एक वेलांटी. आमच्या काकी म्हणाल्या, “बघा, इथंसुद्धा बाईला जास्त मोजतात!” हसून हसून पुरेवाट झाली.

तर मग आम्ही एका मोठ्या तक्रारीचे सात तुकडे केले. त्यात दिवे होते, रस्त्याचे खड्डे होते, गटार होतं, दोन वर्षांपूर्वीचं भांडणसुद्धा होतं. एकाही तुकड्याला उत्तर आलं नाही. येणार कसं? वाचणाऱ्याला नेमकं काय करायचं आहे तेच कळत नव्हतं.

सूनबाईंनी आम्हाला पाच प्रश्न फळ्यावर लिहून दिले. काय झालंय? कुठं? कधीपासून? कुणी करायचं? आणि आपल्याला नेमकं काय हवंय? पाचही उत्तरं आली की थांबायचं, पुढं एक शब्द नको. मग आम्ही लिहिलं: ‘फाटा ते गाव रस्त्यावरचे नऊच्या नऊ दिवे १४ जूनपासून बंद आहेत. मुली संध्याकाळी ७ नंतर याच वाटेनं येतात. दिवे कधी लागतील, ती तारीख कळवावी.’ सोबत गावाचं आणि तालुक्याचं नाव, आणि त्या कार्यालयाच्या खात्याचा उल्लेख. ‘निष्काळजी’, ‘झोपलेलं’ असले शब्द खोडले. राग खरा होता, पण त्या शब्दांच्या जागेत तारीख बसते.

कार्यालयाचं खरं खातं शोधणं हे एक वेगळंच काम. सारख्या नावाची तीन-चार खाती निघतात. आम्ही त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर जाऊन तिथं दिलेल्या दुव्यावरूनच खात्यावर गेलो. एक लक्षात ठेवा. निळी खूण दिसली म्हणजे माणूस खरा, असं आता राहिलेलं नाही. २०२३ पासून ती खूण महिन्याचे पैसे भरून मिळते. सरकारी संस्थांसाठी राखाडी खूण असते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगायला जड जातं, पण तीच सांगायला आम्ही आलोय.

तीन वाक्यांच्या त्या मजकुरालाही आठ दिवस उत्तर आलं नाही. मग आमच्यातल्या एकीनं फोटो काढला. अंधारात तीन मुली पाठीला दप्तरं लावून चालल्यात, एकीच्या हातात मोबाइलची बॅटरी, तिचा चेहरा त्या उजेडात अगदी स्पष्ट. फोटो टाकला आणि दोन तासांत तो शेकडो लोकांनी पुढं पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. चौथ्या दिवशी शिडी घेऊन माणसं आली आणि नऊपैकी सहा दिवे लागले. आम्ही पेढे वाटले.

पण त्या फोटोखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं, ते आम्ही पेढे वाटून झाल्यावर वाचलं. ‘एवढ्या उशिरा बाहेर कशाला?’ इथून सुरुवात होती. पुढचं इथं बोलण्यासारखं नाही. कुणीतरी कॉलेजच्या गणवेशावरून कॉलेज ओळखलं. मग नाव आलं. मग मुलीच्या मोबाइलवर अनोळखी माणसांचे निरोप यायला लागले. वडिलांनी तिचं कॉलेज बंद केलं.

आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. वडील ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “ताई, दिवे लागले, चांगलं झालं. पण फोटो टाकताना माझ्या पोरीला विचारलं होतं का?”

आम्ही तिला विचारलं नव्हतं. मुलींच्या भल्यासाठी करतोय म्हटल्यावर मुलींना विचारायचं असतं, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. तक्रार खांबाची होती. खांबाचा फोटो पुरेसा होता.

फोटो आम्ही त्याच रात्री काढून टाकला. पण चावडीवर सुटलेला शब्द परत येत नाही. आपण आपल्याकडचं पुसतो, लोकांनी घेतलेली नक्कल त्यांच्याकडे राहतेच. मग आम्ही दुसरं काम केलं. तीन आठवडे रोज दोघीजणी पाळीनं फाट्यावर जाऊन मुलींना घेऊन यायला लागलो. मुलीला सोबत घेऊन, त्या निरोपांचे आणि शेऱ्यांचे फोटो जपून पोलिसांत रीतसर तक्रार दिली. चौथ्या आठवड्यात ती कॉलेजला गेली. वडिलांनी आम्हाला क्षमा केली की नाही ते आम्ही विचारलेलं नाही. पोर जाते, एवढं पुरे.

त्या दिवशी गटाच्या वहीत आम्ही ठराव लिहिला, कर्जाचे लिहितो तसाच, सह्यांसकट. कुणाचाही चेहरा त्या माणसाला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. लहान मुलांचा तर मुळीच नाही. फोटोत गणवेश, घराची पाटी, गाडीचा नंबर दिसतो का, ते दोघींनी पाहायचं. एकीनं लिहायचं, दुसरीनं वाचायचं, मगच पाठवायचं. रात्री नऊनंतर कुणालाही उत्तर द्यायचं नाही, कारण रात्रीचं उत्तर रागाचं असतं.

बोलणाऱ्या बाईला शिव्या मिळतात हे काही आमच्याच नशिबी नाही. २०१९ च्या निवडणुकीच्या काळात ॲम्नेस्टी या संस्थेनं भारतातल्या ९५ महिला राजकारण्यांना उद्देशून आलेली ट्विटं तपासली. साधारण दर सातातलं एक ट्विट आक्षेपार्ह किंवा शिवीगाळीचं निघालं. म्हणजे दोष बोलण्यात नाही. पण दाराला कडी हवी. कड्या अशा: कुणाचं बोलणं नको असेल तर ते ‘म्यूट’ करा, त्याला कळतही नाही. ‘ब्लॉक’ केलंत तर तो तुम्हाला उत्तर देऊ शकत नाही. पण २०२४ च्या अखेरीपासून तुमचं उघडं लिखाण तो वाचू शकतो, हे ध्यानात ठेवा. अनोळखी माणसांचे खासगी निरोप सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. ठिकाण दाखवायची सोय बंद ठेवा. कुणी धमकी दिली तर चिडून पुसू नका, आधी स्क्रीनचा फोटो घ्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारींसाठी वेगळी सोय आहे. पैशाची फसवणूक झाली तर १९३० वर फोन करा, आणि जिवावरचं संकट असेल तर ११२.

आता राहिलेल्या तीन दिव्यांचं. ते ट्विटरनं लागले नाहीत. आम्ही ट्विटरवर आलेल्या उत्तराची छापील प्रत काढली, ती लेखी अर्जाला जोडली, अर्जाची पोच घेतली आणि दर सोमवारी त्याच मजकुराखाली तीन ओळींची आठवण लिहिली: पोच क्रमांक, तारीख, किती दिवे बाकी. सहा सोमवार गेले. सातव्याच्या आत दिवे लागले. मग आम्ही आभाराचंही लिहिलं. काम करणाऱ्या माणसालाही चावडीवर चांगलं ऐकायला मिळालं पाहिजे.

मोठ्या गोष्टीही अशाच झाल्यात. सॅनिटरी पॅडवर कर नको म्हणून २०१७ साली मुंबईतल्या ‘शी सेज’ या संस्थेनं ‘लहू का लगान’ हा हॅशटॅग चालवला. हॅशटॅग म्हणजे एकाच विषयावरचं सगळ्यांचं बोलणं एका दोऱ्यात ओवणारी खूण. तरीही १ जुलै २०१७ पासून पॅडवर १२ टक्के जीएसटी लागलाच. पण बायका थांबल्या नाहीत. कुणी सह्यांची निवेदनं काढली, कुणी न्यायालयात याचिका केली. जुलै २०१८ मध्ये तो कर रद्द झाला. दोरा ट्विटरचा होता, पण फुलं गावोगावच्या बायकांनी वेचली होती.

आणि रोज लिहिलंच पाहिजे असं नाही. आम्ही जास्त वेळ वाचतोच. भारतीय हवामान खात्याचं खातं आम्ही धरून ठेवलंय. पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे तिथं कळतात. परवा कुरडया वाळत घातल्या होत्या, इशारा वाचून वेळेत आत घेतल्या. ज्यांचं वाचून रक्त तापतं अशी खाती सोडून दिली. एखादी बातमी पुढं पाठवायची तर आधी विचारतो, ही सांगतंय कोण, आणि तारीख कधीची?

मैत्रिणींनो, आमच्या खात्याला आजही दोनशेसुद्धा अनुयायी नाहीत. त्याचं काही वाटत नाही. फाट्यावरचे नऊ दिवे रोज लागतात का, ते आम्ही पाळीनं पाहतो. परवा पाचवा दिवा लुकलुकायला लागला. वहीत नोंद केली, दोन वाक्यं लिहिली, खांबाचा फोटो काढला. तो फोटो काढला त्याच मुलीनं. पाठवण्याआधी आमच्याकडे बघून म्हणाली, “काकी, खांबाला विचारलंत ना?”