विजेने ऐकणारा कान



मूल दोन वर्षांचे झाले, तरी बोलत नाही. आजी म्हणते, "अगं, याचा बापसुद्धा उशिराच बोलला होता. बोलेल हळूहळू!" शेजारीण ताट वाजवून पाहते, मूल वळते आणि सर्वांचा जीव भांड्यात पडतो. पण ते आवाजाने वळले, की ताट वाजवणाऱ्या हाताची सावली पाहून वळले, याचा विचार कोणी करीत नाही. या बाबतीत वाट पाहण्याची किंमत फार मोठी असते, आणि ती त्या मुलाला मोजावी लागते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम आपण ऐकतो कसे ते पाहू. हवेतील कंपने कानाच्या पडद्यावर आदळतात. तीन चिमुकली हाडे ती आत पोचवतात. तेथे गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची, द्रवाने भरलेली नळी आहे. तिला आपण कर्णशंख म्हणू. तिच्यात हजारो केशपेशी ओळीने मांडलेल्या असतात. शंखाच्या तोंडाशी उंच स्वरांची जागा, तर टोकाशी खर्जाची. पेटीच्या पट्ट्याच म्हणा ना! या शंखातील लाटांच्या संशोधनाबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. केशपेशी हलली, की तिच्याशी जोडलेल्या मज्जातंतूत विजेचा सूक्ष्म ठोका उमटतो. असे सुमारे ३०,००० तंतू प्रत्येक कानातून मेंदूकडे जातात.

जन्मतः बहिऱ्या असलेल्या पुष्कळ मुलांत बिघाड केशपेशींत असतो. पलीकडचे तंतू बरेचसे शाबूत असतात. मग त्या तंतूंनाच थेट वीज दिली तर? १९५७ साली पॅरिसमध्ये झुर्नो आणि एरिएस यांनी हा प्रयोग केला. पुढे १९७८ साली मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोड असलेले यंत्र एका रुग्णाच्या कानात बसवले. यालाच आज कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. कानामागचे यंत्र आवाज टिपते, त्याचे उंच-खालचे भाग वेगळे करते आणि रेडिओलहरींनी कातडीपलीकडे धाडते. आत शंखात सरकवलेल्या बारीक तारेवर साधारण १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. ते तंतूंना विजेचे ठोके देतात.

आता हे तंतू त्या विजेला दाद कशी देतात? यातच खरी गंमत आहे आणि अडचणही. तुम्ही एका वाफ्याला पाणी सोडता; बांध ठेंगणा असला तर ते शेजारच्या वाफ्यातही शिरते. शंखातील द्रवात वीज तशीच पसरते. एका पट्टीऐवजी शेजारच्या चार पट्ट्याही दाबल्या जातात. त्यामुळे बोलणे कळते, पण गाण्यातील स्वरांचा बारकावा बराच हरवतो. दुसरे असे, की निरोगी कान सुमारे १२० डेसिबलचा पल्ला झेलतो. विजेने ऐकणाऱ्या कानाला ऐकू येण्यापासून असह्य होईपर्यंतचा पल्ला साधारण १० ते २० डेसिबलचाच मिळतो. सारे जग त्या चिंचोळ्या पट्ट्यात बसवावे लागते, म्हणून यंत्र पुनःपुन्हा जुळवून घ्यावे लागते. लहान मूल "मोठे वाटते", "बारीक वाटते" असे सांगणार नाही. पण आतला इलेक्ट्रोडच तंतूंनी दिलेले उत्तर मोजून बाहेर कळवू शकतो. तज्ज्ञाला त्याचा मोठा आधार होतो.

परंतु कान हे केवळ दार. ऐकतो तो मेंदू! मोठेपणी बहिरे झालेले लोक सांगतात, की आरंभी माणसांचे बोलणे यंत्रासारखे वाटते, मग काही महिन्यांत ते सरावाचे होते. त्यांच्या मेंदूला पूर्वीची भाषा ठाऊक असते. ज्याने कधी ऐकलेच नाही, त्याच्या मेंदूने ही भाषा शिकायची कधी? मेंदूतील लहरी मोजून असे दिसून आले आहे, की साधारण साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट बसवले, तर बहुतेक मुलांत आवाजाला मिळणारे मेंदूचे उत्तर काही महिन्यांत वयाच्या बरोबरीला येते. सात वर्षांनंतर ते सहसा येत नाही. रिकामे पडलेले ते रान दुसरी कामे व्यापू लागतात. पेरणीचा वाफसा निघून गेल्यावर पेरले, तर बियाण्याचा काय दोष?

शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. चष्मा लावला नि दिसू लागले, तसे हे नव्हे. पुढे कित्येक महिने घरच्यांनी त्या मुलाशी बोलत राहावे लागते. सर्वच मुलांना इम्प्लांटचा उपयोग होत नाही, हेही खरे. श्रवणतंतूच नसेल, तर तेथे तो चालत नाही. अशा मुलांसाठी खुणांची भाषा आहे, आणि ती पुरी भाषा आहे. मूल कोणत्याच भाषेवाचून राहू नये, एवढे खरे.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मागच्या बाकावरचे "मठ्ठ" मूल एकदा नीट पाहा. ते तुमच्या ओठांकडे टक लावून बघते काय? आणि मातापित्यांनो, ताट वाजवून समाधान मानू नका. आज अगदी तान्ह्या बाळाचा कानही, बाळ झोपेत असताना तपासता येतो. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

आजीचा नातवावर जीव आहे, म्हणूनच ती "बोलेल" म्हणते. तिला एवढेच सांगा, "आजी, बोलेलही, पण आधी त्याला ऐकू येते का, ते पाहून येऊ."