कोळशातलं स्फुरद मुळांना मिळतं का?

तुरीच्या तुराट्या आपण चुलीला लावतो, उरलेल्या बांधावर पेटवतो. त्याच कमी हवेत भाजल्या की शेतात घालायचा कोळसा, म्हणजे बायोचार होतो. त्यात स्फुरद असतं, पण ते सगळंच मुळांना मिळत नाही.

शास्त्रज्ञ कोळशावर डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडतात. कोणते किरण शोषले गेले, त्यावरून स्फुरद कोणत्या रूपात आहे याचा अंदाज येतो. फार तापवलेल्या कोळशात ते बहुधा चुन्याशी घट्ट बांधलेलं असतं.

आपल्या सोलापूरची काळी माती चुनखडीची, सामू आधीच चढा. कोळशानं तो आणखी चढू शकतो. म्हणून आम्ही ठरवलंय: आधी माती तपासायची, कोळसा शेणखतात मुरवायचा, शाळूच्या दोनच ओळींत घालून शेजारच्या ओळींशी ताडून बघायचा. पदरचा पैसा उगाच मातीत घालायचा नाही!