सुरतेच्या डोक्यावरच्या वाटा



नकाशावर मुंबई आणि अहमदाबाद यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती आपल्या सुरतेच्या अंगावरूनच जाते. भेस्तान, पांडेसरा, उधना भागातल्या आपल्या मंडळींना खालची वाहतूक पाठ असते: कुठली गाडी भेस्तानला थांबते, कुठली नुसती धडधडत निघून जाते. वरच्या वाहतुकीकडे लक्ष जाण्याचं कारण सहसा पडत नाही, आणि ते बरंच आहे. आज तिच्याविषयी बोलू.

रुळांवर दाटी झाली तेव्हा मालगाड्यांसाठी वेगळा लोहमार्ग टाकला गेला. आकाशातही वाटा अशा वेगळ्या करता येतात. फरक एवढाच, की गाडी लाल सिग्नलला उभी राहते, विमानाला उभं राहता येत नाही. अंतर राखायचं ते उडता उडताच. रडारच्या टप्प्यात, मोठ्या उंचीवर, दोन विमानांत साधारण ५ सागरी मैल, नाहीतर वर-खाली १,००० फूट. पूर्वेच्या अंगाला निघालेली विमानं ३३,००० किंवा ३५,००० फुटांवर, पश्चिमेच्या अंगाला निघालेली ३४,००० किंवा ३६,००० वर. पूर्वी २९,००० फुटांच्या वर हे अंतर २,००० फूट असे. उंची मोजणारी यंत्रं नेमकी झाली आणि नोव्हेंबर २००३ मध्ये आपल्याकडे ते निम्म्यावर आलं. तेवढ्यानं ४१,००० फुटांपर्यंत सहा जादा मजले मिळाले.

१,००० फूट म्हणजे किती थोडे, हे १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दिसलं. दिल्लीहून निघालेलं सौदी जम्बो १४,००० फुटांवर थांबणार होतं. समोरून येणाऱ्या कझाकस्तानच्या इल्युशिनला १५,००० च्या खाली उतरायचं नव्हतं. ते उतरलं. ३४९ माणसं गेली, कोणीही वाचलं नाही. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीनं दोष इल्युशिनच्या वैमानिकांवर ठेवला. मला मात्र दुसरीच गोष्ट डाचते. दिल्लीभोवतीचं बरंचसं आकाश हवाई दलासाठी राखलेलं, त्यामुळे येणारी आणि जाणारी विमानं एकाच मार्गिकेतून समोरासमोर चालली होती. नंतर येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि टक्कर टाळणारं यंत्र, ज्याला वैमानिक टीकॅस म्हणतात, मोठ्या प्रवासी विमानांत सक्तीचं झालं.

टीकॅस जमिनीला काही विचारत नाही. जवळच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे सादेला उत्तर देणाऱ्या यंत्राला, ते दर सेकंदाला साद घालतं, त्याचं अंतर आणि उंची काढतं, आणि धोका दिसला की वैमानिकाला बोलून सांगतं: वर चढा, किंवा खाली उतरा. दोन्ही विमानांतली यंत्रं आपसात आधी ठरवून घेतात, म्हणजे दोघांना एकच आज्ञा मिळत नाही.

आता यंत्र एक म्हणालं आणि जमिनीवरचा नियंत्रक दुसरं, तर? १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत यूबरलिंगेनवर हेच झालं. रशियन टुपोलेव्हला यंत्र म्हणालं, चढा. झुरिचचा नियंत्रक म्हणाला, उतरा. तो त्या रात्री दोन पडदे एकटा सांभाळत होता. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. समोरचं मालवाहू बोइंग यंत्राचं ऐकून उतरतच होतं. ७१ जण गेले, त्यांत सुट्टीला निघालेली पुष्कळ शाळकरी मुलं होती. त्यानंतर नियमात संदिग्धता ठेवली नाही: यंत्राची आज्ञा आली की नियंत्रकाची बाजूला.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात विमानावर भरवसा ठेवायचा, तर सगळ्या प्रवासात का नको? अमेरिकेत १९९५ च्या सुमारापासून ‘फ्री फ्लाइट’ या नावानं हा विचार चालू आहे. हल्लीची मोठी विमानं उपग्रहांवरून आपली जागा काढून ती सतत प्रसारित करतात, शेजारच्याला ती ऐकू येऊ शकते. म्हणून सूचना अशी, की अशी साधनं असलेल्या विमानांसाठीच एकेरी मार्गिका राखून ठेवाव्यात आणि आत मागचं-पुढचं अंतर त्यांचं त्यांनीच सांभाळावं. मला हे पटतं, पण मार्गिका खरोखर बंदिस्त असेल तरच. एखादं मुकं विमान आत शिरलं की सगळा हिशेब बिघडला.

एकेरी वाटा आखणं तसं नवं नाही: उत्तर अटलांटिकवर वाऱ्याचा अंदाज पाहून रोज नव्या वाटा आखतात, दिवसा पश्चिमेकडे, रात्री पूर्वेकडे. तिथली एक गंमत सांगतो. उपग्रहामुळे विमानं इतकी नेमकी उडू लागली, की सगळी रेषेच्या बरोबर मधोमध, एकाच्या डोक्यावर एक. म्हणजे उंची चुकली की टक्कर ठरलेलीच! तेव्हा वैमानिकांना रेषेच्या उजवीकडे २ सागरी मैलांपर्यंत मुद्दाम सरकून उडण्याची मुभा द्यावी लागली.

आपल्या पट्ट्यात अशा राखीव मार्गिकांनी काय साधेल? वर, ३५,००० फुटांवर, थोडंफार. पण मुंबईत उतरणारं विमान घिरट्या घालतं, त्याचं मूळ बहुतेकदा खाली असतं. तिथल्या जुन्या विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी व्यवहारात एकच चालते. वर अंतर कितीही हुशारीनं राखलं तरी चाकं टेकायला जागा तेवढीच. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली, धावपट्टी वाढली. पण दोन विमानतळांच्या चढत्या-उतरत्या वाटा आता एकाच आकाशात बसवायच्या आहेत. तिथे वैमानिकांनी आपसात ठरवून भागणार नाही. तिथे नियंत्रक लागेल, आणि एकटा नव्हे.