वाढत्या चेतातंतूचे अस्तर

परभणी जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत खुडूक कोंबडीखाली अंडी मांडल्यावर साधारण २१ दिवसांत जे पिल्लू कवच फोडून बाहेर येते, त्याच्या पायाच्या बोटापासून कण्यापर्यंत स्पर्श पोहोचवणारे तंतू या मुदतीत नुसते तयार होत नाहीत, तर वाढत्या अंगाबरोबर ताणलेही जातात. चेतापेशीतून निघणाऱ्या अशा लांब तंतूला अक्षतंतू म्हणतात. माणसाच्या कमरेपासून पावलापर्यंत तो सुमारे एक मीटर भरतो आणि तरीही केसाहून कितीतरी बारीक असतो. तो तुटत नाही, याचे मोठे श्रेय पेशीपटलाच्या आतील अस्तराला, म्हणजेच पटलालगत विणलेल्या प्रथिनांच्या जाळीला जाते.

हार्वर्ड विद्यापीठातील झुआंग यांच्या प्रयोगशाळेने २०१३ साली दाखवून दिले की, अ‍ॅक्टिन या प्रथिनाची कडी तंतूच्या घेराला आतून बसलेली असतात आणि दोन कड्यांमधील सुमारे १९० नॅनोमीटरचे अंतर स्पेक्ट्रिन हे लांबट प्रथिन सांधते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अँकिरिन हे तिसरे प्रथिन ही जाळी पटलाशी जखडून ठेवते. तांबड्या रक्तपेशींच्या पटलात आधी ओळखले गेलेले स्पेक्ट्रिन चेतापेशीत इतक्या शिस्तीत मांडलेले असेल, अशी अपेक्षा फारशी कुणाची नव्हती.

ही जाळी ताण कसा सोसते, हे बंगळूरच्या रमण संशोधन संस्थेतील प्रमोद पुल्लरकट, पुण्याच्या आयसर संस्थेतील अर्णब घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. त्यांनी कोंबडीच्या भ्रूणातील, कण्यालगतच्या नेमक्या त्याच स्पर्शवाहक पेशींचे अक्षतंतू टप्प्याटप्प्याने ओढले, तेव्हा प्रत्येक ओढीनंतर चढलेला ताण हळूहळू उतरत गेला. स्पेक्ट्रिन कमी केलेल्या तंतूंत मात्र तो तसा उतरेना. पाऊल लांब पडताच लुगड्याच्या निऱ्या मोकळ्या व्हाव्यात, तशा स्पेक्ट्रिनच्या घड्या ओढीबरोबर उलगडतात आणि ओढ सरताच पुन्हा मिटतात, असा या निरीक्षणांचा अर्थ लावला गेला.

स्पेक्ट्रिनविना काय घडते, याचा बोलका पुरावा सूक्ष्म गोलकृमीत त्याआधीच, २००७ साली मिळाला होता: बीटा-स्पेक्ट्रिन नसलेल्या कृमीचे अक्षतंतू वाढतात, पण तो वळवळू लागला की तुटतात, आणि त्याची हालचाल बंद पाडली तर मात्र शाबूत राहतात.