खोदकामावरची हजेरी

आज आम्ही बोलणार आहोत पुरातत्त्वाच्या खोदकामावरच्या मजुरीबद्दल. तुम्ही म्हणाल, ते शिकलेल्यांचं काम, आपला काय संबंध? संबंध आहे. आपल्या किती तरी गावांच्या कडेला पांढरीचं टेकाड असतं. तिथली माती आपण शेतात टाकली, धाब्याच्या घरावर पसरली. त्याच टेकाडात हजारो वर्षांपूर्वीची वस्ती निघते, आणि ती खणायला माणसं येतात ती आसपासच्या गावांतूनच. टिकाव बहुधा पुरुषांच्या हातात. घमेली उचलायला, माती चाळायला, खापरं धुवायला आपण बाया.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत हंगामामागून हंगाम खोदकाम केलं. तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती निघाली. घरं, चुली, धान्य साठवायच्या जागा. घराच्या जमिनीखाली दोन कुंभ तोंडाला तोंड लावून ठेवलेले, आणि त्यांत पुरलेली लहान बाळं. असा कुंभ मातीतून अख्खा बाहेर काढायचा तर टिकाव चालत नाही. चाकूनं, ब्रशनं, हळूहळू माती सोडवावी लागते. मातीचा रंग कुठं बदलला, भिंत कुठं संपली, हे हाताला आणि डोळ्याला कळावं लागतं. दोन हंगाम केलेल्या बाईला ते कळतं. चाळणीत मणी आणि खडा यांतला फरक तिला कुणी सांगावा लागत नाही.

पण कागदावर ती काय? अकुशल मजूर. अहवालात खोदणाऱ्या साहेबांची नावं येतात, आणि यायलाच हवीत. आपली फार तर शेवटी आभारात, तीही ‘गावकरी’ म्हणून.

आता हंगामाचं गणित बघा. खोदकाम पावसाळा संपून जमीन वाळली की सुरू होतं आणि उन्हाळ्यात थांबतं. केंद्र सरकारनं १९९३ मध्ये आपल्या खात्यांतल्या रोजंदारी मजुरांसाठी एक योजना काढली. पुरातत्त्व सर्वेक्षण हे केंद्राचंच खातं. तेव्हा कामावर असलेल्या आणि वर्षात २४० दिवस भरलेल्या मजुराला तात्पुरता दर्जा मिळायचा. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कचेरीत २०६ दिवस पुरायचे. किल्ल्यावर, लेण्यांवर बारमाही झाडलोट, बागकाम करणाऱ्याचे दिवस भरू शकतात. खोदकामावरच्या बाईचे कसे भरणार? हंगामच तेवढा नसतो. पुढं सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये सांगितलं की ती योजना एकदाच होती, कायम चालणारी नव्हे. म्हणजे तो दरवाजाही बंद.

आमच्या गटातल्या बायका ज्या कामावर जात होत्या तिथं हजेरी मुकादमाच्या वहीत लागायची. वही त्याच्या खिशात. आठवड्याला रोख पैसे, सही कोऱ्या कागदावर. पुरुषाला जास्त, बाईला कमी, कारण ‘तो खणतो, तू उचलतेस’. खणलेलं कुणी उचललंच नाही तर पुढचं खणणार कुठं, हे आम्ही विचारलं, तेव्हा तो हसला. सारख्या कामाला सारखं वेतन हा कायदा १९७६ मध्ये झाला होता, आणि आता नव्या वेतन संहितेत ती तरतूद आहे. पण काम सारखं होतं हे दाखवायला हजेरीत नाव आणि कामाचा प्रकार लिहिलेला हवा. मुकादमानं पैसे बुडवले तर मूळ काम देणाऱ्याकडं मागता येतात. तिथंही पुरावा तोच.

हे फक्त न शिकलेल्यांचं दुखणं आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये १९९० पासून नियम असा आला की बांधकाम करणाऱ्यानंच आधीच्या खोदकामाचा खर्च सोसायचा. त्यामुळं खोदकाम करणाऱ्या खासगी कंपन्या उभ्या राहिल्या, कमी दराच्या निविदा भरू लागल्या, आणि पदवी घेतलेले खोदणारे थोड्या थोड्या महिन्यांच्या करारावर या गावाहून त्या गावाला फिरू लागले. ऊसतोडीला जाणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यांनी काय केलं? तिथं प्रॉस्पेक्ट नावाची मोठी कामगार संघटना आहे, तिच्यात पुरातत्त्वाच्या कामगारांची वेगळी शाखा आहे. पगार, कराराची मुदत, खड्ड्यातली सुरक्षितता यावर ती मालकांशी बोलते. एकेकट्या माणसाला जे म्हणता येत नाही ते शाखेच्या नावानं म्हणता येतं.

आपल्याकडं संघटना नोंदवायला किमान सात सभासद लागतात. कामावरच्या एकूण कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांतले जे कमी ते सभासद हवेत, पण सातापेक्षा कमी चालत नाहीत. बचतगटात आपण दहा-बारा जणी असतोच. नियमावली लिहायची, पदाधिकारी ठरवायचे, सह्या करायच्या आणि कामगार आयुक्तांच्या कचेरीत अर्ज द्यायचा. दर महिन्याला बचतीचा हिशोब लिहिणाऱ्या बाईला हे अवघड नाही.

तोवर एक काम लगेच करता येतं. दिवाळीनंतर ज्यांच्या गावात खोदकाम सुरू होईल त्यांनी शंभर पानी वही घ्यावी. तारीख, काम काय केलं, किती वाजता सुरू, किती वाजता सुटलं, पैसे किती आणि कुणी दिले. खणलं तर ‘खणलं’ लिहा, चाळलं तर ‘चाळलं’. दर शनिवारी दोघी-तिघींनी एकमेकींच्या वहीवर सही करायची.