दुधाचा गॅलन, लेथ आणि एक प्रस्ताव

(ट्रॉय, मिशिगन येथील भाषणाचा मजकूर)



ट्रॉयमध्ये प्लॅस्टिकवर बोलायचं म्हणजे पंचाईतच. समोर निम्मे लोक मोटार उद्योगातले; मोल्डिंग तुम्हीच मला शिकवाल. म्हणून गॅरेजपुरतंच बोलतो.

मिशिगनमध्ये पॉप-बिअरच्या बाटल्यांवर १० सेंट डिपॉझिट आहे. १९७६ साली लोकांनी मतदानानं आणलेला हा कायदा १९७८ पासून लागू झाला. दुधाच्या गॅलनला मात्र डिपॉझिट नाही. रिकामा गॅलन भरतो सुमारे ६० ग्रॅम. तो एचडीपीईचा, म्हणजे तळाच्या त्रिकोणात २ आकडा. हे प्लॅस्टिक पाण्यावर तरंगतं आणि साधारण १३० सेल्सिअसला वितळतं. ३ आकड्याचं पीव्हीसी मात्र कधीही तापवू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, आणि तो फुप्फुसं जाळतो.

गॅलन धुवा, लेबल आणि गोंद काढा, कापून तुकडे करा, पूर्ण वाळवा. स्वयंपाकघरातला ओव्हन वापरू नका. या कामाला एक छोटा वेगळा ठेवा, गॅरेजचं दार उघडं ठेवून. ३५० फॅरनहाइटला तुकडे मऊ झाले की जाड हातमोजे घालून गोळा कणकेसारखा तिंबायचा. घडी घाला, पुन्हा तापवा, पुन्हा तिंबा. आतली हवा अशीच जाते. मग लाकडी साच्यात दाबून क्लॅम्प आवळायचे. थंड होताना प्लॅस्टिक आकसतं, म्हणून क्लॅम्प मधूनमधून आवळत राहायचं, नाहीतर ठोकळ्याच्या पोटात पोकळ्या राहतात. रात्रभर हात लावू नका.

लेथवर हत्यार धारदार हवं. सावंतवाडीचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात आणि घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून चढते. तीच उष्णता इथे आपली वैरी: हत्यार बोथट असेल तर पृष्ठभाग चिकट होऊन ओरबाडला जातो. कातण शेवेसारखं लांब निघून चकभोवती गुंडाळतं, तेव्हा आधी लेथ थांबवा, मगच सोडवा. सँडपेपर शक्यतो नकोच. ती बारीक धूळ मायक्रोप्लॅस्टिकच असते.

यानं पृथ्वी वाचते का? छे! पाच इंच व्यासाच्या, दोन इंच जाड ठोकळ्याला दहा गॅलन लागतात, आणि वाडगा कातताना त्यातलं निम्म्याहून जास्त खाली पडतं. ते गोळा करून पुन्हा वितळवता येतं, एवढंच. ही हौस आहे, आणि हौस म्हणून झकास आहे.

आता आपल्यापुढचा प्रस्ताव: महाराष्ट्रातल्या शाळांना अशी यंत्रं द्यायची, मुलांनी घरून प्लॅस्टिक आणायचं. इथे थोडं थांबू या. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच पुढे कचरावेचकांच्या मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली, आणि २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. या बायका दारोदार कचरा घेतात, हातानं निवडतात आणि विकता येईल ते विकतात. थरांच्या मळक्या पाकिटांना गिऱ्हाईक मिळणं कठीण. भाव येतो तो डबे, कॅन, बाटल्यांना. मुलं नेमकं तेच शाळेत आणणार.

माझी सूचना साधी आहे. शाळांनी निवडलेलं प्लॅस्टिक कचरावेचकांकडून बाजारभावानं विकत घ्यावं, निवडण्याची मजुरी वेगळी द्यावी. प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात 'कच्चा माल: शून्य' अशी ओळ आहे. ती बदलेपर्यंत माझा हात वर जाणार नाही.